विंडोज ११: टास्कबारची जागा कुणी ठरवायची?

उभी_पट्टी:
विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आलं. देखणं आहे, कबूल. पण विंडोज ९५पासून टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची चिन्हांची पट्टी, ओढून वर किंवा कडेला नेता यायचा, ती सोयच ११मध्ये काढून टाकली. हल्लीचे स्क्रीन आडवे लांबलचक आणि आपण वाचतो ती पानं उभी. पट्टी डावीकडे लावली की पानाची एखाद-दुसरी ओळ जास्त दिसते. मी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो, त्या ओळीचं मोल मला विचारा. नवं द्या हो, असलेलं कशाला काढता?

चहा_बिस्कीट:
पट्टी उभी लावणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला! ११चा टास्कबार नव्यानं लिहिलाय. नवं घर बांधताना जुन्या वाड्याचा प्रत्येक कोनाडा ठेवत नाहीत. स्टार्टचं बटण मध्यावर आलं तेव्हाही बोंब झाली होती. माझ्या आईला दोन दिवसांत सवय झाली. नाहीच झाली तर सेटिंगमधून डावीकडे घ्या.

उभी_पट्टी:
काकूंना नमस्कार, पण मुद्दा सवयीचा नाहीये. आधी ११मध्ये पुस्तकाची बारा प्रकरणं उघडी असली की बाराही एकाच चिन्हाखाली जायची. सातवं कुठलं? माउस नेऊन शोधत बसायचं. लोकांनी आरडाओरडा केला म्हणूनच २०२३मध्ये खिडक्या नावासकट वेगवेगळ्या दाखवायची सोय परत आली. विंडोज ८नं २०१२मध्ये स्टार्टचं बटण काढलं, पुढच्याच वर्षी ८.१मध्ये परत आणावं लागलं. गप्प बसलो असतो तर?

जुनाट_डबा:
पट्टी कुठं बसते यावर काय भांडताय! इंटेल प्रोसेसरची सातवी पिढी आणि त्याआधीची यंत्रं, थोडे अपवाद सोडले तर, ११ चालणाऱ्या यंत्रांच्या यादीतच नाहीत. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी ते वेगळंच. आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. धडधाकट मशीन, निव्वळ नियमानं म्हातारं.

चहा_बिस्कीट:
हे पटतं. पण टीपीएम उगाच नाही. डिस्क कुलूपबंद करायच्या किल्ल्या त्या चिपमध्ये राहतात. लॅपटॉप चोरीला गेला की त्याची किंमत कळते.
@उभी_पट्टी, राइट क्लिक केल्यावर ११ अर्धाच मेनू दाखवतं, त्यावरही चिडला असाल ना? शिफ्ट दाबून क्लिक करा, जुना अख्खा मेनू येतो.

उभी_पट्टी:
आला की! चार वर्षं ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबत होतो. आभार. पट्टीवर मात्र मागे हटत नाही.