मदत हवी आहे (तातडीने): रिपमध्ये काउंट टू इन्फिनिटी दिसतच नाही

अडकित्ता_०४
नमस्कार मंडळी. तिसऱ्या वर्षाला आहे, संगणक शाखा. नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलला रिपचं (शेजारी राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) काउंट टू इन्फिनिटी (तुटलेल्या रस्त्याचं अंतर एकमेकांचं ऐकून वाढवत नेणं) "करून दाखवा" असं आलंय. पुस्तकात मेट्रिक (अंतर, हॉपमध्ये मोजलेलं) २, ३, ४ करत १६ ला, म्हणजे रिपच्या "अनंत"ला पोचतं. माझ्याकडे लिंक पाडली की रूट सरळ गायब. रिप व्यवस्थित चालू आहे, पिंग जातोय. उद्या सबमिशन आहे. प्लीज थिअरी नको, थिअरी पाठ आहे.

खटपट्या
राउटर किती? कसे जोडलेत? रिपचं व्हर्जन कोणतं? सिम्युलेटर कोणता? आणि "लिंक पाडली" म्हणजे नक्की काय केलंत?

जुना_टेलिकॉमवाला
आजच्या काळात रिप कोण वापरतं? सीसीएनएच्या (सिस्कोची परीक्षा) २०२० च्या अभ्यासक्रमातही रिप नाही, ओएसपीएफ हा दुसरा राउटिंग प्रोटोकॉल आहे. शिकायचं तर बीजीपी (मोठमोठ्या नेटवर्कांमधलं राउटिंग) शिका. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /२२ या पत्त्यांच्या गटातला एक छोटा /२४ गट स्वतःच्या नावाने जाहीर केला आणि दोनेक तास जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब आडवं. राउटिंग म्हणतात ते याला.

खटपट्या
@जुना_टेलिकॉमवाला, ते लाँगेस्ट प्रिफिक्स मॅचचं उदाहरण झालं. /२४ जास्त नेमका, म्हणून राउटरांनी तो उचलला. पोराने विचारलंय काय, तुमचं चाललंय काय?

जुना_टेलिकॉमवाला
व्यापक दृष्टी द्यायला हरकत नसावी. असो.

अडकित्ता_०४
सिम्युलेटर नाही, लॅबमधले खरे सिस्कोचे राउटर आहेत. तीन, सरळ रेषेत: अ - ब - क. मध्ये सिरियल केबल. व्हर्जन २. लिंक पाडली म्हणजे अ चं बटण बंद केलं.

लॅबवाली
अरे, अ च बंद केलास तर मोजणार कोण? अ मेला की ब चा सिरियल इंटरफेस डाउन जातो आणि त्यावरून शिकलेले सगळे रूट तत्क्षणी उडतात. मोजणी व्हायला अ आणि ब दोघे जिवंत हवेत. अ च्या पलीकडचं लॅन तेवढं पाडायचं, म्हणजे अ च्या इथरनेट पोर्टवर शटडाउन.

अडकित्ता_०४
सरांनी "लिंक पाड" एवढंच सांगितलं होतं. आत्ता ताई म्हणतात तसं केलं. तरी नाही. ब वर "पॉसिबली डाउन" येतं आणि थोड्या वेळाने रूट जातो.

पेंग्विनपंथी
खऱ्या राउटरचा नाद सोड. लॅपटॉपवर लिनक्स, नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवर वेगवेगळी नेटवर्कं) आणि एफआरआर (राउटिंगचं सॉफ्टवेअर). सिस्कोवाला होल्डडाउनही (पडलेल्या रूटबद्दल काही काळ नवं काही न ऐकणं) तिथे नाही. चहा होईपर्यंत चालू होतं.

लॅबवाली
उद्या सबमिशन आहे हो त्याचं. आज लिनक्स टाकायला लावताय?

कोकणमेवा
राउटर उंचावर ठेवावा. आमचं घर जांभ्याचं, मधल्या खोलीपलीकडे रेंज नव्हती. ५ गिगाहर्ट्झ बंद करून २.४ वर टाकलं, आता पडवीतही येते.

खटपट्या
काका, हा तो राउटर नव्हे.

बेलमन_भक्त
हे दिसणारच नाही. स्प्लिट होरायझन मुळातच चालू असतं: ज्या इंटरफेसवरून रूट शिकलो त्याच इंटरफेसवरून तो परत सांगायचा नाही. त्यामुळे काउंट टू इन्फिनिटी आता फक्त परीक्षेत उरलंय. सरांना तसं सांग.

लॅबवाली
"फक्त परीक्षेत" हे काही खरं नाही. स्प्लिट होरायझन दोघांमधलं भांडण मिटवतं, तिघांचं नाही. अ, ब, क त्रिकोणात जोडा आणि क च्या मागे ड. क-ड तुटलं, क ने दोघांना कळवलं. पण अ ला वाटतं ब कडे रस्ता आहे, कारण ब तो रूट क कडून शिकला होता आणि अ ला सांगायची त्याला पूर्ण मुभा होती. ब ला अ बद्दल तेच वाटतं. दोघे मिळून क लाही खोटा रस्ता विकतात. चालू झाली मोजणी.

बेलमन_भक्त
ट्रिगर्ड अपडेट (बदल होताच लगेच सोडलेले) वेळेत पोचले तर नाही होत.

लॅबवाली
"वेळेत पोचले तर" इथेच सगळी गोम आहे. अर्पानेटनेसुद्धा (इंटरनेटचा पूर्वज) १९७९ मध्ये डिस्टन्स व्हेक्टर (रिपसारखं, शेजाऱ्याचं ऐकून) सोडून लिंक स्टेट (प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा) धरलं, ते उगाच नाही.

@अडकित्ता_०४, तुझ्या राउटरांवर तीन गोष्टी आड येतात. स्प्लिट होरायझन एक. दुसरं, लॅन पडताच अ लगेच १६ मेट्रिकचा अपडेट सोडतो. तिसरं, तो आला की ब १८० सेकंद होल्डडाउनमध्ये जातो, तुला दिसलेलं "पॉसिबली डाउन" तेच. तिन्ही बाजूला सारायला लागतील.

अ-ब केबलच्या दोन्ही टोकांच्या इंटरफेसवर "नो आयपी स्प्लिट-होरायझन". तिन्ही राउटरांवर रिपखाली "टायमर्स बेसिक ३० १८० ० २४०", यातलं शून्य म्हणजे होल्डडाउन. ब ला अ चं लॅन माहीत आहे ना, बघून घे. मग अ वर ब कडच्या इंटरफेसला पॅसिव्ह-इंटरफेस कर, म्हणजे अ ऐकेल पण बोलणार नाही. आता लॅन शटडाउन. अर्ध्या मिनिटात ब चा नेहमीचा अपडेट येईल आणि अ स्वतःच्याच लॅनचा रस्ता ब कडून शिकेल, मेट्रिक २. तो दिसला की पॅसिव्ह काढ. हे सगळं तीन मिनिटांच्या आत, नाहीतर ब चा रूट शिळा होऊन जाईल. शो आयपी रूटवर अवलंबून राहू नकोस, आकडे भराभर पळतात. डीबग आयपी रिप लावून कन्सोल रेकॉर्ड कर.

पेंग्विनपंथी
म्हणजे मुद्दाम तीन सुरक्षा काढून बिघाड घडवायचा. हे प्रात्यक्षिक की नाटक?

लॅबवाली
प्रात्यक्षिकच. काय काय काढल्यावर बिघडतं ते कळलं, की प्रत्येक गोष्ट कशासाठी होती तेही कळतं.

अडकित्ता_०४
झालं!! अ वर २, ४, ६ आणि ब वर ३, ५, ७ असं चढत गेलं. ब वर १५ पर्यंत दिसलं, मग गेलं. ताई, खूप आभार. पण सरांनी रेकॉर्डिंग बघून विचारलं, १६ च का, ६४ का नाही. व्हायवाला हेच येणार म्हणे. हे पुस्तकात नाही.

खटपट्या
थिअरी पाठ होती ना?

लॅबवाली
छळू नका हो त्याला. अनंत जेवढा मोठा धराल तेवढी ही मोजणी लांबते, आणि तोवर पॅकेट अ आणि ब मध्ये येरझाऱ्या घालत राहतात. लहान धरलं तर नेटवर्क लहान ठेवावं लागतं: १५ हॉपच्या पुढचं सगळं रिपच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. रिपचं प्रमाणपत्रक असलेल्या १९८८ च्या आरएफसी १०५८ मध्ये हीच ओढाताण सांगून १६ दिलाय. ६४ धरला असता तर तुझं रेकॉर्डिंग केवढं झालं असतं ते सरांनाच विचार.