प्रतिसाद: रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ मोटारसायकलला ५०-५० टायर घ्यावेत का?

रोजची ये-जा डांबरावर आणि अधूनमधून घाटातला कच्चा रस्ता, एवढाच वापर असेल तर ५०-५० (निम्मा डांबराचा, निम्मा कच्च्या रस्त्याचा) नको, ८०-२० (मुख्यतः डांबराचा) पुरतो. ५०-५० मधला मोठ्या गोट्यांचा (रबराच्या उंचवट्यांचा) मागचा टायर डांबरावर मधोमध लवकर चपटा होतो आणि गाडी वळणात अडखळत कलते. ओल्या रस्त्यावर रबर कमी टेकतं, त्यामुळे ब्रेकही लांब लागतो.

माप मूळचंच ठेवा : पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७.

खरी गफलत हवेच्या दाबात होते. या गाडीत ट्यूब आहे, तरी लोक ट्यूबलेसवाल्यांचं ऐकून मातीत पार १५ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) येतात. मग दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते (शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या की समजा), नाहीतर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. २० च्या खाली उतरू नका, डांबर लागताच पुन्हा भरा. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर हवा सोडून सरळ करून घ्या.

जादा ट्यूब एकच न्यायची तर २१ ची (पुढच्या चाकाची) न्या. अडचणीला ती मागच्या चाकात तात्पुरती चालते, १७ ची (मागची) पुढे चालत नाही.

आणि दुकानात टायरच्या बाजूचा, तो कधी बनला ते सांगणारा चार अंकी शिक्का वाचा : ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा.