मदत हवी आहे: आमच्याकडच्या उन्हात अर्गोथायोनिनचं सिरम टिकेल का?

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातली, नोकरीसाठी रोज स्कूटीवरून भुसावळला जाते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि लाइट गेली की फ्रिज नावालाच. गालांवर वांग आलेत म्हणून व्हिटॅमिन सीचं सिरम आणलं. पाण्यासारखं होतं, उन्हाळा संपायच्या आत चहाच्या रंगाचं झालं. एवढे पैसे मोजून चहाच लावायचा, तर घरचा काय वाईट?

आता दुकानदार म्हणतो, अर्गोथायोनिनचं घ्या. वाचलं तर कळलं, हे गंधक असलेलं अमिनो आम्ल. १९०९ मध्ये शार्ल तान्रे या फ्रेंच संशोधकाने अरगट बुरशीतून वेगळं काढलं. आपलं शरीर ते बनवत नाही, खाण्यातूनच मिळतं आणि अळिंबीत (मशरूममध्ये) भरपूर असतं. इथे माझे कान टवकारले, कारण जाऊबाई हिवाळ्यात गव्हाच्या काडावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावतात! मग सिरम कशाला, धिंगरीच खाल्ली तर? सासूबाई तर म्हणतात, वाटून तोंडाला लाव. कोणाला अनुभव किंवा माहिती आहे का? वांग जातील का याने?

उत्तर (धुळे, फार्मसीत शिकवतो):
ताई, सी व्हिटॅमिनला हवा, उजेड, उष्णता काहीच सोसत नाही. अर्गोथायोनिन त्या मानाने चिवट, ग्लुटाथायोन या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटसारखं हवेत पटकन बिघडत नाही. पण बाटलीवरची यादी वाचा. त्यात अस्कॉर्बिक आम्लही (म्हणजे सी व्हिटॅमिनच) असलं तर रंग पुन्हा बदलणारच.

धिंगरी खुशाल खा. हे आम्ल पेशीत ओढून घेणारं वाहक प्रथिनच आपल्या शरीरात आहे, २००५ मध्ये ओळखलं गेलं. फक्त उकळून पाणी फेकू नका, ते पाण्यात विरघळतं. वाटून लावायचं मात्र राहू द्या, अ‍ॅलर्जी झाली तर वांगाच्या जोडीला पुरळ.

आणि वांगासाठी सिरमवर भिस्त नको. आधी एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (त्वचेच्या रंगाचं), कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. वर स्कार्फ. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानेही वांग येऊ शकतात.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा. सिरम तूर्त राहू दे. पण स्कार्फखाली घामाच्या धारा लागतात, त्यात टिंटेड सनस्क्रीन सगळं कापडालाच लागत असेल ना? ऑफिसात पोचल्यावर तोंड धुऊन परत लावलं तर चालेल का?