मॅक्रोफेजना जागं कोण करतंय, प्रथिन की दुसरंच काही?

प्रश्न: ई. कोलाय या जिवाणूत मानवी जनुक घालून बनवलेलं (रिकॉम्बिनंट) मानवी प्रथिन मॅक्रोफेजवर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींवर घातलं, टीएनएफ-अल्फा हा त्या पेशी सोडतात तो दाहाचा संदेश-रेणू भरपूर वाढला. काल तेच प्रथिन ९५ अंशांवर तापवून घातलं, तरी तेवढाच वाढला! तीन आठवडे याच निकालावर पुढचं सगळं आखत होते. फार अस्वस्थ आहे.

उत्तर: ताई, मला हा एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूतून प्रथिनासोबत आलेल्या विषारी घटकाचा प्रकार वाटतो. प्रथिन तापवल्यावर मोडतं, पण जिवाणूच्या आवरणातलं एलपीएस, म्हणजे हेच एंडोटॉक्सिन, तेवढ्या उष्णतेला दाद देत नाही. काचेची भांडी त्यापासून मुक्त करायला २५० अंशांची कोरडी उष्णता लागते. एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून बघा. प्रतिसाद कोसळला तर शंका खरी.

उत्तर: एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणीही कराच. मॅक्रोफेज एलपीएसच्या अगदी किंचित अंशालाही प्रतिसाद देतात.

प्रश्नकर्ती: पॉलिमिक्सिननंतर प्रतिसाद जवळजवळ गेला. मग जिवाणूऐवजी मानवी पेशींमध्ये बनवलेलं प्रथिन घेऊ?

उत्तर: प्रथिनावर अवलंबून आहे. मानवी पेशी अनेक प्रथिनांना शर्करासाखळ्या जोडतात, ई. कोलाय सहसा जोडत नाही. इन्सुलिनला शर्करासाखळ्या लागत नाहीत, म्हणून जिवाणूत बनवलेलं मानवी इन्सुलिन १९८२मध्येच औषध म्हणून मान्य झालं. एरिथ्रोपोएटिनला (लाल रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक) मात्र त्या हव्याच, नाहीतर ते शरीरात टिकत नाही. तुमच्या प्रथिनावर साखळ्या असतात का, ते आधी पाहा. आणि पेशी बदलल्या तरी एंडोटॉक्सिन मोजाच, ते पाण्यातूनही येतं.