‘रिबेका’, ‘कोहरा’ आणि पुनर्निर्मिती
प्रणयरम्य रहस्यपटाची पुनर्निर्मिती मूळ चित्रपटाची बरोबरी करूच शकत नाही, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. हिचकॉकच्या ‘रिबेका’मध्ये (१९४०) वाड्याची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स चालताना क्वचितच दिसते, ती अचानक शेजारी उभी असते आणि नायिकेच्या मनातली धास्ती त्यातूनच आपल्यापर्यंत पोहोचते. २०२०च्या देखण्या, रंगीत आवृत्तीत ती धास्तीच हरवली आहे. मात्र त्याच कथेवर बेतलेल्या हिंदी ‘कोहरा’मध्ये (१९६४) हेमंतकुमारांचे संगीत आणि ललिता पवारांनी उभी केलेली दाई यांमुळे भीतीला स्वतःचा सूर सापडतो. (ललिताबाईंच्या या भूमिकेविषयी फारच कमी बोलले जाते, याची खंत वाटते.) ‘कोहरा’च्या नायिका वहिदा रहमान यांच्या चेहऱ्यावरचे एकाकीपण तर मला हिचकॉकच्या ‘रिबेका’तील नायिका जोन फाँटेनइतकेच खरे वाटते.