मागच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये तेल भरून घ्यावे की नवीन बसवावेत?

खानापूरकर:
नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक ८५,००० किलोमीटर चालली आहे. रोजचे जाणे-येणे खानापूर ते बेळगाव असून अधूनमधून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यालाही जाणे होते. यंदाचा पावसाळा सरल्यापासून स्पीडब्रेकर ओलांडला की गाडीची मागची बाजू दोन-तीन हेलकावे घेते, घाटातल्या वळणावर खड्डा लागला तर ती किंचित बाहेर सरकल्यासारखी वाटते आणि मागे तिघे बसले की खालून ‘खट्’ असा आवाज येतो. उजव्या शॉकअब्सॉर्बरवर तेलकट चिखल चिकटलेला आहे. डावा कोरडा दिसतो. आमच्याकडील एक गॅरेजवाले शॉकअब्सॉर्बर उघडून तेल भरून देतो म्हणतात आणि तो खर्च नव्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. तसे करून घ्यावे का? नवीनच घ्यायचा झाल्यास फक्त उजवा बदलून भागेल का?

उद्यमबागकर:
नळीवर नुसता तेलाचा ओलसर पापुद्रा असेल तर घाबरण्याचे कारण नसते, कारण सीलला (तेल आत अडवणाऱ्या कड्याला) वंगण मिळावे म्हणून आत-बाहेर सरकणाऱ्या रॉडबरोबर थोडे तेल बाहेर येतच असते. परंतु तेल ओघळून खालच्या बोल्टपर्यंत पोहोचले असेल आणि त्यावर चिखल बसला असेल, तर सील गेले असे समजावे. आपण सांगितलेले हेलकावे लक्षात घेता हा दुसरा प्रकार दिसतो. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअब्सॉर्बरचे काम स्प्रिंगची उसळी जिरवण्याचे असते, आणि ते आतल्या तेलाला बारीक झडपांतून ढकलून होते. तेल कमी झाले किंवा झडपा झिजल्या की चाक रस्त्याला धरून राहत नाही. मागच्या टायरवरून हात फिरवून पाहा. ठरावीक अंतराने खोलगट, चढ-उतार जाणवत असेल तर हा दोष बराच जुना आहे.

तेल भरून घेऊ नये, असेच माझे मत आहे. ही नळी कारखान्यातच बंद केलेली असते. ती कापून, तेल ओतून पुन्हा वेल्डिंग केल्यावर मूळ तेलाचा पातळपणा साधत नाही, गॅसचा शॉकअब्सॉर्बर असेल तर आतला नायट्रोजन निघून जातो, आणि झिजलेल्या झडपा तर तशाच राहतात.

निपाणीचा प्रवासी:
उद्यमबागकरांचे म्हणणे मान्य असले तरी एक शंका आहे. मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कचे तेल आणि सील आपण सर्रास बदलतो. मग कारच्याच बाबतीत एवढा विरोध का? शिवाय आमच्याकडे गाडी मागे बसली की लोक थेट शॉकअब्सॉर्बर बदलून मोकळे होतात. माझ्या गाडीत रोज माल असतो, म्हणून विचारतो.

उद्यमबागकर:
फोर्क उघडता यावा अशीच त्याची रचना असते. त्याचे सील सुटे मिळते आणि किती तेल घालायचे तेही पुस्तिकेत दिलेले असते. कारच्या बंद नळीला यांतले काहीच लागू होत नाही. गाडी रिकामी उभी असतानाही मागे बसलेली दिसत असेल, तर तो स्प्रिंगचा दोष आहे आणि नव्या शॉकअब्सॉर्बरने तिची उंची वाढणार नाही. रोज माल वाहत असाल तर आधी स्प्रिंगच तपासून घ्या.

खानापूरकरांनी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. डावा कोरडा असला तरी तितकाच चाललेला आहे, आणि एका बाजूला नवा व दुसऱ्या बाजूला थकलेला असला की ओल्या घाटरस्त्यात ब्रेक लावताना गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. ‘खट्’ आवाज मात्र शॉकअब्सॉर्बरच्या आतलाच असेल असे नाही. जोडावरचे रबरी बुश फाटले किंवा बंप स्टॉपचे, म्हणजे पूर्ण दबल्यावर धक्का झेलणाऱ्या मऊ ठोकळ्याचे, तुकडे पडले तरी ओझ्याखाली असाच आवाज येतो. हे सुटे भाग स्वस्त असतात, तेव्हा त्याच वेळी नवे घालावेत.

खानापूरकर:
खाली वाकून पाहिले, बंप स्टॉप खरोखरच अर्धा उरला आहे. दोन्ही नवीन घेतो. बसवताना मी समोर उभा राहणार आहे, तेव्हा नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

उद्यमबागकर:
आपल्या गाडीला मागे टॉर्शन बीम, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणारा आडवा दांडा, असेल, तर बीमला जॅकचा आधार देऊन एका वेळी एकच बाजू सोडायला सांगा. दोन्ही एकदम सोडल्यास बीम खाली लोंबून स्प्रिंग निसटू शकते. आमच्या पावसात खालचे बोल्ट हमखास गंजतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. नवा शॉकअब्सॉर्बर उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून घ्यावा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघून जाते. वरचा नट आवळताना रॉड पकडीत धरू देऊ नका. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी तो सील कापत राहतो. खालच्या बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असतानाच, आणि नेमके हेच बहुतेक ठिकाणी टाळले जाते. चाके लोंबकळत असताना आवळला तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बीमचे बोल्ट सोडले नाहीत, तर या कामानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करण्याची गरज नाही.