कॅमेरा विकायला काढलाय, घेणारा म्हणतो पैसे भरले, खात्यात काहीच नाही

दुपारचं_ऊन

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. बाबांचा कॅमेरा आणि दोन लेन्स विकायला काढल्यात. ते गेल्यापासून कपाटात पडून होतं सगळं, घरात वापरणारं कुणी नाही, म्हटलं कुणाच्या तरी हातात जाऊ दे. परवा जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात टाकली आणि अर्ध्या तासात एकाचा मेसेज, "वस्तू अजून आहे का?" मी हो म्हटलं तर लगेच "घेतो, फायनल, जाहिरात काढून टाका". किंमत कमी करा वगैरे काही नाही, उलट माझ्यासाठी थांबवून ठेवा, थोडे वरच देतो म्हणाला.

मग म्हणे मी बाहेरगावी असतो, येणं जमणार नाही, माझा कुरिअरवाला येऊन घेऊन जाईल, तुम्ही व्हॉट्सॲपवर या. तिथे ईमेल मागितला, मी दिला. काल रात्री मेल आला, वर पेमेंट कंपनीचा लोगो, खाली माझं नाव, कॅमेऱ्याचं मॉडेल, रक्कम, सगळं बरोबर, आणि लिहिलंय की पैसे जमा झालेत पण कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर दिलात की मगच ते तुमच्या खात्यात सोडले जातील. सोबत एक लिंक. ती उघडली तर नाव, फोन आणि मग कार्डाचा नंबर मागतंय, "पैसे स्वीकारण्यासाठी". नाव, फोन भरला, कार्डापाशी हात थांबला माझा. तेवढ्यात फोनवर ६ आकडी कोड आला आणि हा माणूस लगेच म्हणतो तो कोड मला पाठवा, म्हणजे तुम्ही खऱ्या आहात हे मला कळेल. अजून पाठवला नाहीये.

सकाळपासून त्याचे अकरा मेसेज आलेत. शेवटचा, "माझे पैसे अडकवून ठेवलेत, पोलिसात जाईन". भाऊ म्हणतो पाठवून टाक पार्सल, कटकट नको. मेल तर अगदी खरा वाटतोय. खरंच त्याचे पैसे अडकले असतील तर? काय करू?

कडेकडेने

ताई, पार्सल पाठवू नका आणि तो कोड कुणालाही देऊ नका. आधी एवढं करा, बाकीचं सावकाश वाचा.

तुमचे पैसे कुठेही अडकलेले नाहीत, कारण ते कुणी भरलेलेच नाहीत. काही साइट खरोखर पैसे मध्ये थांबवून ठेवतात आणि वस्तू पोचली की सोडतात, पण मग ते तुमच्या स्वतःच्या अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावर दिसतात ना. मेलमधल्या लिंकवरून जायचंच नाही, ॲप आपल्या हाताने उघडायचं आणि बघायचं. तिथे नोंद नाही म्हणजे पैसे नाहीत, मेलवर कितीही सुंदर लोगो असू दे.

आता मेल उघडा आणि पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवा, मागचा पूर्ण पत्ता दिसेल. नाव काहीही टाइप करता येतं, पत्ता मात्र बऱ्याचदा उघडा पडतो. लिंकचंही तसंच, सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे वाचा. तिच्या लगेच आधी जे डॉट कॉम वगैरे असेल आणि त्याला चिकटून जो शब्द असेल ती खरी साइट, त्याच्याही आधी डॉट देऊन जगातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव घुसवता येतं. आणि ब्राउझरमधलं कुलपाचं चित्र बघून निश्चिंत होऊ नका. मधल्या वाटेत कुणी वाचत नाहीये एवढंच ते कुलूप सांगतं, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकटही मिळतं, लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था २०१५ पासून वाटतेय, त्यामुळे फसवणाऱ्यांच्या साइटवरसुद्धा कुलूप असतंच.

कोडचं सांगतो. तो एसएमएस नीट वाचा, कशाचा कोड आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲप नवीन फोनवर चालू करताना असाच ६ आकडी कोड येतो, तो त्याला दिलात की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या हातात, आणि मग तुमच्या नावाने तुमच्या नातेवाइकांकडे पैसे मागायला सुरुवात. काही ठिकाणी असाच कोड घेऊन तुमच्या नंबरवर गूगल व्हॉइसचा (गूगलची इंटरनेटवरून फोन करायची सेवा) नंबर काढतात आणि पुढची फसवणूक त्या नंबरावरून करतात. "तुम्ही खऱ्या आहात का बघतो" हे निव्वळ निमित्त. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, ते आत्ताच चालू करून पिन ठेवा.

फिरता_पंखा

ताई तुम्ही कार्डापाशी थांबलात ते फार बरं केलंत, मी नव्हतो थांबलो.

मी टेबल विकत होतो. समोरचा बोलायला अगदी सभ्य, म्हणाला आधी अगदी थोडे पाठवून बघतो तुम्हाला येतात का, आणि ते खरंच आले. तिथेच माझा विश्वास बसला. मग त्याने क्यूआर कोडचा फोटो पाठवला, हा स्कॅन करा म्हणजे उरलेले येतील. स्कॅन केला, रक्कम बरोबर होती, खाली पिन विचारला, मी टाकला. स्क्रीनवर "पे" असं स्पष्ट लिहिलेलं होतं हो, अजून डोळ्यासमोर आहे ते बटण, पण फोनवर तो सतत बोलत होता, "झालं का, झालं का, नेट जाईल तुमचं", आणि मी फक्त रक्कम बघत होतो. पैसे गेले. तर म्हणतो अरे चुकून उलटं झालं, हा दुसरा कोड स्कॅन करा, दोन्ही मिळून परत येतील. आणि मी तेही केलं. दोनदा.

तेव्हापासून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कार्डाच्या मागचे तीन आकडे लागत नाहीत. हे सगळं पैसे द्यायला लागतं. आणि कुणी फोन चालू ठेवायला लावत असेल तर आधी तो फोन कट करायचा, मग स्क्रीन वाचायची.

मला लाज वाटली म्हणून मी दोन दिवस कुणाला बोललो नाही, बँकेलासुद्धा नाही. तोवर पैसे पुढे कुठल्या कुठे गेलेले. असं कुणाचं झालं तर त्याच मिनिटाला बँकेला फोन करा, घरच्यांना नंतर सांगितलं तरी चालेल.

भिंगवेडा

मी बरीच वर्षं जुन्या लेन्स घेतो-विकतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. खरा गिऱ्हाईक कटकट करतो. शटर काउंट किती (म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत), लेन्समध्ये बुरशी आहे का, मागून टॉर्च मारून फोटो पाठवा, ऑटोफोकस अडकतो का, बॅटरी ओरिजिनल का, आणि शेवटी किंमत कमी करा. तुमच्या माणसाने कॅमेऱ्याबद्दल एकतरी प्रश्न विचारला का? "वस्तू आहे का" तर सगळेच विचारतात, त्यात काही नाही, पण पुढे त्या वस्तूबद्दल काहीच नाही आणि सगळं बोलणं पैसे, लिंक, कुरिअर असंच चाललंय म्हणजे त्याला तुमचा कॅमेरा बघायचाच नाहीये. वर जास्त पैसे देतो म्हणणारा तर हमखास. काही देशांत चेकने हे चालतं, जास्त रकमेचा चेक पाठवतात आणि वरचे परत करा म्हणतात. बँक कधीकधी चेक वटायच्या आधीच रक्कम खात्यात दाखवते, आपण वरचे पैसे पाठवून मोकळे होतो आणि आठ-पंधरा दिवसांनी चेक खोटा निघतो, मग बँक ती पूर्ण रक्कम आपल्याकडूनच घेते.

आता जे फार लोकांना माहीत नसतं ते, कारण यात पैसे खरंच येतात. समजा तुमची जाहिरात बघून एक लबाड तुमचेच फोटो वापरून दुसरीकडे तीच जाहिरात टाकतो. तिथे एका बिचाऱ्याला कॅमेरा हवा असतो, त्याला हा तुमचा खाते नंबर देतो. तो बिचारा पैसे तुम्हाला पाठवतो, लबाड तुमच्याकडे येऊन कॅमेरा घेऊन जातो. चार दिवसांनी त्या माणसाची तक्रार आली की बोट तुमच्या खात्याकडे, खातं गोठू शकतं, आणि कॅमेराही गेलेला. म्हणून पैसे कुणाच्या नावाने आले आणि समोर उभा कोण आहे, हे जुळतं का बघायचंच. नाव वेगळं दिसलं तर वस्तू हातात ठेवून शांतपणे विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही तर पैसे बँकेमार्फत जिथून आले तिथेच परत, दुसऱ्या कुठल्या नंबरवर नाही.

कार्डाने किंवा पेपालने घेत असाल तर पैसे आले म्हणजे व्यवहार संपला असं धरू नका. व्हिसा-मास्टरकार्डमध्ये घेणाऱ्याला बऱ्याच प्रकारच्या तक्रारींसाठी साधारण १२० दिवस मिळतात, पेपालवर १८०. पाठवायचंच असेल तर व्यवहारात जो पत्ता आहे त्याच पत्त्यावर. नंतर मेसेज करून "बहिणीच्या पत्त्यावर पाठवा" म्हणाले की नाही म्हणायचं, कारण पत्ता बदलला की विकणाऱ्याला मिळणारं संरक्षण जातं. आणि पॅक करताना सीरियल नंबर दिसेल असा एकसलग व्हिडिओ काढा, नंबरापासून खोक्याला शेवटची टेप लागेपर्यंत, मध्ये कट नको. एकदा मला परत आलेल्या पार्सलमध्ये माझी नव्हेच अशी चरे पडलेली लेन्स होती. व्हिडिओत नंबर वेगळा दिसत होता म्हणून वाचलो.

दुपारचं_ऊन

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता बघितलं. मेलच्या नावामागचा पत्ता नुसती अक्षरं आणि आकडे, कंपनीचा त्यात पत्ताच नाही. आणि कोड व्हॉट्सॲपचाच होता, खाली लिहिलेलं होतं हा कुणाला देऊ नका, मी ते वाचलंच नव्हतं. हात थरथरत होता वाचताना. टू-स्टेप चालू केलंय.

दोन गोष्टी विचारायच्यात. नाव, फोन, ईमेल तर त्याच्याकडे गेलाच, आणि कॅमेऱ्याचे मूळ फोटो मी मेलने पाठवले होते. त्याने काही होईल का? आणि ते पोलिसांचं?

कडेकडेने

पोलिसांची भीती घालतात ती तुम्ही विचार करायला थांबू नये म्हणून. तुम्ही त्याच्याकडून काहीच घेतलेलं नाही. ब्लॉक करायच्या आधी चॅट, मेल, नंबर, लिंक या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि साइटवर त्याला रिपोर्ट करा, ब्लॉक त्यानंतर. सायबर तक्रार करायची तर हेच लागेल.

फोनने काढलेल्या मूळ फोटोत कधीकधी जागेचे अक्षांश-रेखांश असतात, कॅमेरा ॲपमध्ये लोकेशन बंद करून ठेवा आणि पुढे स्क्रीनशॉट काढून तोच पाठवत जा. मेलचा पासवर्ड त्या पानावर टाकला नसेल तर घाबरायचं कारण नाही, टाकला असेल तर आत्ता बदला, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथेही.

पुढचे काही दिवस "बँकेतून बोलतोय" असे फोन येऊ शकतात कारण नंबर आता त्यांच्या यादीत आहे. स्क्रीन शेअर करायचं ॲप टाका म्हणाले की फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः बँकेला लावा. @फिरता_पंखा तुमच्यासाठीही, जे एकदा फसले त्यांना नंतर "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारे गाठतात, बऱ्याचदा तीच टोळी असते.

फिरता_पंखा

आला होता तसा फोन. तेव्हा मात्र ठेवला मी.

दुपारचं_ऊन

रिपोर्ट केलं, ब्लॉक केलं. साइटने त्याचं प्रोफाइल काढलेलं दिसतंय. भावालाही हा सगळा धागा वाचायला दिला.

जाहिरात परत टाकली. आज एका मुलीचा मेसेज आला, तिचा पहिलाच प्रश्न शटर काउंट किती. मला तो बघता येत नव्हता, तिनेच सांगितलं कसा बघायचा. मग मोठ्या लेन्सच्या मागून टॉर्च मारून बघितलं तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसतंय, बाबांनी शेवटची दोन वर्षं उघडलीच नव्हती ती. तसंच सांगितलं तिला, फोटोही पाठवला. किंमत बरीच पाडून मागतेय, पण शनिवारी स्वतः येऊन हातात घेऊन बघते म्हणाली. भावाला सोबत नेतेय, बाहेर चारचौघांत भेटायचं ठरलंय.